आधी सावली

गुदैबियातल्या आमच्या खोलीच्या खिडकीला
जेवण बांधून येतं ती चंदेरी फॉइल चिकटवलीय.
रात्रपाळीची माणसं आम्ही,
उजाडायच्या आत आडवं व्हायचं,
मावळलं की उठून दात घासायचे.
हनीफ परकार म्हणतो,
आपल्याला फक्त सुळे फुटायचे राहिलेत.

मी थिएटरात, प्रोजेक्शनला.
तसं आता त्यात काही उरलेलं नाही.
रीळ नाही, तुटलेली फिल्म चिकटवायची धांदल नाही,
हार्ड डिस्क येते, तिची किल्ली मेलवर येते,
वेळ झाली की यंत्र आपलं आपण सुरू होतं.
अठरा वर्षांत भुतांचे पावणेदोनशे तरी सिनेमे
या भोकातून सोडले असतील.
कोरियन भुतं, तुर्की, मल्याळी, कैरोची.
सगळ्यांना जिना लागतो.
सगळ्यांची आधी सावली येते, मग ती येतात.
मला वाटायचं, भुतांची रीतच असेल.

पण आमच्या गुहागराकडच्या देवचाराला
सावली असल्याचं कोणी सांगितलं नव्हतं.
तो यायचा वहाणा करकरवत.
आणि भर बारा वाजता, विहिरीवरसुद्धा धरायचा.
उन्हाला भिणारं भूत
मी पहिल्यांदा पाहिलं ते पडद्यावर.

मे महिन्यात एका गुरुवारी
फिल्म क्लबवाल्यांनी चार नंबरचा हॉल घेतला.
सिनेमा शंभर वर्षांपूर्वीचा, मुका.
म्हणे कोर्टानं सगळ्या प्रती जाळायला सांगितल्या होत्या,
चारदोन कुठे कुठे दडून राहिल्या.
मेल्यावर उठणं त्याला
सिनेमाबाहेरही जमलं होतं.
एकोणीस प्रेक्षक. विसावा हनीफ, माझ्या पासावर.

माझी खोली दोन हॉलच्या मधोमध.
तिकडे तीन नंबरला या आठवड्याचा नवा भयपट,
इकडे हा.
इकडच्या भोकातून जिना, भिंतीवर हात, बोटं लांबत चाललेली.
तिकडच्या भोकातूनही जिना.
इकडे बाईनं तोंड उघडलं, आवाज नाही,
आणि नेमकी तेव्हाच
भिंतीतून झिरपत किंकाळी आली, तीन नंबरची.
तोंड पणजीचं, आवाज पणतीचा.
चार नंबरमध्ये कोणीतरी हसलं.
मी नाही हसलो.
शंभर वर्षं तोच जिना चढतंय कोणीतरी,
घरं बदलली, भाषा बदलल्या,
पायऱ्या तेवढ्याच.

मग ते जहाज आलं.
शिडं फुगलेली, खलाशी एकेक करून संपलेले,
तळाशी पेट्या, पेट्यांत त्याच्या गावची माती.
त्या मातीवाचून त्याला झोप येत नाही.

हनीफ विमानतळावर, कार्गोला.
त्याच्या विभागाला पेट्या ठाऊक आहेत.
मोहरबंद, कागद चार जागी शिक्का मारलेले,
वजनाच्या रकान्यात पेटी आणि माणूस एकत्र.
कोझिकोड, सिल्हेट, काठमांडू.
मध्यंतर नव्हतंच, तरी तो उठून वर आला,
माझ्या स्टुलावर बसला.
म्हणाला, "याचं बरं आहे. माती सोबत घेऊन निघाला.
आपली तिकडेच राहते, वाट बघत,
आणि आपण मागाहून जातो."
मग बराच वेळ पंख्याचा आवाज.

शेवटी पहाट होते, आणि तो विरतो.
धुरासारखा, एवढंसं काम.
क्लबातल्या एकानं नंतर भाषण केलं,
की उन्हानं मरणं हे या सिनेमानंच शोधलं,
त्याआधीच्या गोष्टींत ही भुतं दिवसाही हिंडत,
आणि पुढच्या सगळ्यांनी ते त्याच्याकडून घेतलं.
मला वाटलं, शोधायला यायचं तर इथे यायचं,
जुलैत.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा चार वाजले होते.
निळ्या डगल्यातली माणसं बसची वाट पाहत,
तोंडाला आत्तापासूनच फडकी गुंडाळलेली,
नुसते डोळे.
रस्त्यापलीकडच्या दिव्यानं
त्यांच्या सावल्या आमच्यापर्यंत आणल्या.
आम्ही त्यांच्यावर पाय न देता गेलो, का कोण जाणे.

खोलीत आल्यावर पडलो.
फॉइलच्या एका फाटक्या कोपऱ्यातून
उजेडाची सुई भिंतीत.
थोड्या वेळानं त्याच भिंतीवर हात चढताना दिसला,
लांबच लांब, पाचही बोटं पसरलेली,
माझ्या उशाकडे येणारा.
मी श्वास धरला.

"रिमोट कुठाय रे," हनीफ म्हणाला,
"एसी वाढवतो. झोप तू."